नऊ वाजता कुणाचं रक्त काढायचं?

"ट्रे उचल" हे दोन शब्द मावशीने अकरा वर्षांत किती वेळा ऐकले असतील, याची मोजदाद नाही. त्या मंगळवारी मात्र ते वर्मी लागले.

हॉस्पिटल तीन मजल्यांचं. चार वॉर्डांमधून रक्ताच्या ट्यूबा गोळा करायच्या, चाळीस खणांच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये लावायच्या आणि तळघरातल्या लॅबमध्ये पोचवायच्या, हे तिचं काम. डॉक्टरांपासून दरवाजावरच्या वॉचमनपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. तिचं खरं नाव फक्त ठेकेदाराच्या पगारपत्रकावर होतं आणि तिथेही ते चुकीचं लिहिलेलं होतं. ट्यूबांची टोपणं रंगीत असतात. जांभळी, पिवळी, निळी. कुठली कशाची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण पाठ होतं. निळीचं तर खास. निळ्या ट्यूबवर एक रेघ असते, रक्त त्या रेघेपर्यंत भरावंच लागतं. थोडंसं जरी कमी पडलं तरी लॅब ट्यूब परत पाठवते आणि पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते.

तिची ड्यूटी सकाळी आठला सुरू होई. त्याच वेळी पहाटेच्या फेरीतलं शेवटचं रक्त निघत असे. त्या मंगळवारी शेवटी राहिला होता अकरा नंबरचा बेड, एक म्हातारे निवृत्त मास्तर. रक्त काढणाऱ्या माणसाने त्यांना चार वेळा टोचलं. चौथ्यांदा कसंबसं आलं. त्याने निळी ट्यूब ट्रेमध्ये टाकली आणि मावशीने ती उजेडात धरली.

"दादा, रेघेच्या खाली आहे. परत येईल."

"तू डॉक्टर आहेस का? ट्रे उचल."

तिने ट्रे उचलला. चाळीस मिनिटांत ट्यूब चिठ्ठीसकट परत आली आणि वर जाऊन मास्तरांना सांगायची पाळीही तिच्यावरच आली. मास्तरांनी बाही वर केली. मग म्हणाले, "तुझी काय चूक बाई. तू फक्त आणतेस नि नेतेस."

टोमणा एकवेळ गिळता येतो. ही सहानुभूती काही तिच्या घशाखाली उतरली नाही.

संध्याकाळी ती हॉस्पिटलजवळच्या कॉलेजातून एक घडीची पुस्तिका घेऊन आली. रक्तनमुना संकलनाचं प्रमाणपत्र, नऊ महिने, वर्ग संध्याकाळी सहा ते आठ. वर ठळक अक्षरांत: नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीचा. पगार बावीस हजारांपर्यंत. फी बेचाळीस हजार. तिच्या नावावर बँकेत पंचेचाळीस हजारांची ठेव होती. दोन खोल्यांचं घर भाड्याने घ्यायचं तर अनामत म्हणून लागतील, म्हणून चार वर्षांत साठवलेली.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला. त्याने पुस्तिका दोन्ही बाजूंनी पाहिली. "मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "दादाला दाखव."

दादा म्हणजे तिचे थोरले दीर. ते त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. सुट्या भागांच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं साठ्याची नोंद ठेवली होती. घरात फ्रिज घ्यायचा असो की दात बसवायचे असोत, कागद आधी भाऊजींपुढे जायचा. भाऊजी कंजूष नव्हते, दुष्टही नव्हते. त्यांचा हिशेब आजवर कधी चुकला नव्हता आणि खरी अडचण तीच होती.

रविवारी सकाळी त्यांनी चष्मा पुसला.

"पगार किती म्हणतात?"

"बावीस हजारांपर्यंत."

"'पर्यंत'खाली रेघ मार. 'पर्यंत'मध्ये शून्यसुद्धा येतं." त्यांनी पुस्तिका बाजूला सारली. "कॉलेज आपलंच घोडं पुढे दामटणार. शिकून बाहेर पडलेल्यांना विचार. त्यांना खोटं बोलून काय मिळायचंय?"

सल्ला चोख होता. मावशीने तो पाळला. गेल्या वर्षीची बॅच अकरा जणांची होती. कॉलेजच्या फळ्यावर अजून त्यांचा फोटो होता, खाली नावं होती. पुढचे अकरा दिवस ड्यूटी सुटल्यावर ती एकेकाला शोधत हिंडली. लॅबच्या खिडकीत, दवाखान्याच्या जिन्यात, कुणाच्या सासरी. "पगार किती?" हा प्रश्न अनोळखी माणसाला विचारणं अवघड असतं. तिने तो गेल्यागेल्या विचारायचा ठरवला, म्हणजे पाहुणचाराची वेळच येत नाही. बहुतेकांनी उत्तर दिलं.

अकरापैकी सहा जण या कामावर होते. कुणाला तेरा हजार, कुणाला पंधरा. सरासरी चौदाची. बावीसवाला एकही नव्हता. उरलेले पाच दुसरीकडेच होते. एक रिक्षावर, एक घरी, एक मोबाइलच्या दुकानात, एकाने पत्ताच लागू दिला नाही आणि एक मुलगी कपड्यांच्या दुकानात शर्टांच्या घड्या घालत होती. ती मुलगी एकटीच थोडं जास्त बोलली.

"मावशी, मला सुई धरायचीच भीती वाटते."

"अगं, प्रमाणपत्र आहे ना तुझ्याकडे?"

"ते आहे की. कपाटात. शेवटचे तीन महिने आम्हाला हॉस्पिटलात पाठवलं होतं, अनुभवाला. दोनशे चाळीस तास. त्यात मी बावीस जणांचं रक्त काढलं. नऊ तर आमच्याच वर्गातले." तिने शर्टाची कॉलर दाबून बसवली. "मुलाखतीत हात थरथरला. त्यांनी चहा पाजून परत पाठवलं."

हे ऐकून मावशीला काहीतरी खटकलं, पण काय ते तिला उमगलं नाही. आकडे तेवढे घेऊन ती भाऊजींकडे गेली.

भाऊजींनी पुस्तिकेतलं बारीक अक्षर आधी वाचून ठेवलं होतं. "हे अनुभवाचे दोनशे चाळीस तास. रोज नऊ ते एक, साठ दिवस. तुझी ड्यूटी आठ ते चार. ठेकेदार अर्धा दिवस देईल?"

"नाही देणार."

"म्हणजे तीन महिने बिनपगारी. अकरा हजारांनी तेहतीस. आणि तुझ्या जागी दुसरी बाई ठेवली तर परत घेतीलच असं नाही, ते मी आकड्यात धरलेलंच नाही. फी बेचाळीस. गणवेश, बूट, परीक्षा, बस मिळून सात. एकूण ब्याऐंशी." पेन्सिल शांतपणे चालली होती. "आज अकरा मिळतात, शिकल्यावर चौदा. महिन्याला तीन वाढले. ब्याऐंशी वसूल व्हायला सव्वादोन वर्षं. पण अकरातल्या सहांनाच काम आहे. तेव्हा तिनाचे एक पूर्णांक सहा धरायचे. झाली सव्वाचार वर्षं. तुझं वय?"

"त्रेचाळीस."

"नऊ महिने शिकण्याचे वेगळे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तू आज जिथे आहेस तिथेच परत येशील. गुडघ्यांचं मी धरत नाही." त्यांनी कागदाच्या तळाशी 'नको' लिहिलं आणि खाली पट्टी ठेवून रेघ ओढली.

"दादाने सांगितलंच आता," नवरा सुटका झाल्यासारखा म्हणाला.

मावशीने कागदाची चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये टाकली. आकड्यांशी तिचं भांडण नव्हतं, ते तिनेच पायपीट करून आणले होते. तरी शेंडी तुटो की पारंबी तुटो, पुन्हा कुणी "ट्रे उचल" म्हणालं की मुकाट्याने उचलायचा नाही, एवढं तिचं मनाशी पक्कं झालं होतं. कसं, ते ठाऊक नव्हतं. फी भरायची शेवटची तारीख शनिवार, दुपारी बारा.

गुरुवारी सकाळी ती रिकामा ट्रे घेऊन दुसऱ्या मजल्यावर लिफ्टपाशी उभी होती. दार उघडलं आणि पांढऱ्या कोटातली पाच पोरं बाहेर आली. ती येऊन ट्रॉलीशेजारच्या बाकावर बसली. एकाने फाइलींचा गठ्ठा मांडीवर घेतला. दोघी एकमेकींच्या दंडाला रबरी पट्टा बांधायला लागल्या. दरवर्षी अशी पोरं येत. मावशी त्यांना 'फाइलवाली' म्हणायची, कारण ती नेहमी फाइलीच लावताना दिसायची. कॉलेजची असतील, ऑफिसचं काम शिकत असतील, असा तिचा समज होता.

तिने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. नऊ वाजून पाच मिनिटं. वॉर्डात चहाची गाडी फिरून गेलेली. अकरा नंबरचे मास्तर बिस्किट बुडवून खात होते.

"काय रे, अनुभवाला आलात का?" तिने विचारलं.

"हो मावशी."

"रक्त काढायच्या?"

"हो."

"मग काढत का नाही?"

फाइलवाला पोरगा ओशाळून हसला. "सगळ्यांचं काढून झालंय."

शर्टांच्या घड्या घालणाऱ्या पोरीचा थरथरता हात तिच्या डोळ्यांपुढे आला आणि काय खटकत होतं ते तिला कळलं. उपाशीपोटीचं रक्त पहाटे पाच ते आठ काढतात. या इमारतीत झाडूवाल्यालाही ते माहीत होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कॉलेजला.

शुक्रवारी ड्यूटी सुटल्यावर ती ड्यूटीचा निळा कोट न काढताच कॉलेजात गेली. अभ्यासक्रमाच्या मॅडम टेबलामागे होत्या, शेजारी हजेरीचा क्लार्क.

"मॅडम, नऊ वाजता कुणाचं रक्त काढायचं?"

मॅडमनी मान वर केली. "म्हणजे?"

"रक्त पहाटे पाचला काढतात. आठला मी ट्यूबा खाली नेते. नऊला तुमची मुलं येतात, तेव्हा पेशंटचा चहा झालेला असतो."

"अनुभवात फक्त सुई नसते. नोंदी असतात, लेबलं असतात, पेशंटशी बोलणं असतं."

"फाइली लावायला दोनशे चाळीस तास लागतात?"

क्लार्कने खोकल्यासारखं केलं. मॅडम म्हणाल्या, "हे बघा, नियम आहे तो."

"दाखवा."

आयुष्यात हा शब्द तिने टेबलापलीकडच्या माणसापुढे प्रथमच वापरला होता. मॅडमनाही तो नवा असावा, कारण त्यांनी खरोखरच फाइल मागवली. क्लार्कने ती कपाटाच्या वरच्या फळीवरून काढली, धूळ झटकली. मॅडमनी पान काढून वाचलं, मग पुन्हा वाचलं. 'दोनशे चाळीस तास, जबाबदार कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली.' पुढे काही नव्हतं.

"मग नऊ ते एक कुणी ठरवलं?" मावशीने विचारलं.

मॅडमनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्कने घड्याळाकडे पाहिलं. "हजेरीचं रजिस्टर मी नऊला उघडतो," तो म्हणाला.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी फाइल मिटली. "पहाटेचं मी मागे एकदा विचारलं होतं. हॉस्पिटल म्हणालं, त्या वेळी देखरेख कोण करणार? विषय तिथेच राहिला. तुम्ही सही करणारं माणूस आणा. लेखी. उद्या बाराच्या आत." मग म्हणाल्या, "वर्गात सगळी विशीतली आहेत हं."

"मग पहाटे त्यांना उठवायला कुणीतरी लागेलच."

देखरेख करू शकेल असं माणूस एकच होतं, रात्रपाळीच्या मोठ्या सिस्टर. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाची तारीफ केल्याचं ऐकिवात नव्हतं. शनिवारी मावशी ड्यूटीच्या आधी, सातलाच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. सिस्टरनी अर्ज वाचला.

"रात्रभर जागून पहाटे तुझ्यामागे फिरू?"

"फेरी तुम्ही मारताच. त्याच फेरीत मी असेन."

"आणि रविवारी?"

"रविवारीही येईन. रविवार कॉलेजला असतो, पेशंटला कुठला? रोज तीन तास धरले तर ऐंशी दिवसांत संपतात. आठला माझी ड्यूटी सुरू. एका दिवसाचाही पगार जात नाही."

सिस्टरनी पेनाचं टोपण काढलं. "एका पेशंटला दोनदाच टोचायचं. तिसऱ्यांदा सुई माझ्या हातात द्यायची. आणि ज्या दिवशी तुझी ट्यूब परत येईल, त्या दिवशीचा एक तास मी कापणार."

"मान्य."

"मान्य काय? मी अजून हो कुठे म्हटलंय?" असं म्हणत त्यांनी सही केली. कागद परत देताना म्हणाल्या, "त्या मंगळवारी निळी भरली नव्हती. मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस ना."

मावशीने कागद पर्समध्ये टाकला. तिने ट्रे पोचवले, दोन तासांची सुट्टी मागितली, बँकेत ठेव मोडली आणि अकरा चाळीसला फी भरली. संध्याकाळी पावती आणि चौपदरी घडीचा तो कागद तिने भाऊजींपुढे ठेवला. नवरा दारात उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात.

"भाऊजी, तुमच्या हिशेबात चूक नाही. फक्त तो नऊ वाजताचा आहे."

तिने सगळं सांगितलं. भाऊजींनी कागदाची घडी उलगडली. मग पेन्सिल घेतली. "तेहतीस गेले. राहिले एकोणपन्नास. तरी अडीच वर्षं होतात. अकरातल्या पाचांना काम नाही, ते कुठे गेलं?"

"ते पाच नऊ वाजताचे होते. हात बसलेला नव्हता त्यांचा. सहांतले चौघं तर कोर्सच्या आधीपासूनच लॅबमध्ये कामाला होते."

"म्हणजे तुझा हात बसेल, आणि बसला की काम मिळेल. ही दोन गृहीतकं झाली."

"झाली."

"गृहीतकावर मी सही करत नसतो."

"तुमची सही नकोच आहे. सिस्टरची झालीय."

दारातून नवऱ्याचं हसू ऐकू आलं, ते त्याने लगेच आवरलं. भाऊजींनी 'नको' खोडलं नाही. त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद आपल्याच खिशात ठेवला.

पुढच्या नऊ महिन्यांत चमत्कार वगैरे काही झाला नाही. संध्याकाळच्या वर्गात ती शेवटच्या बाकावर बसे आणि पहिल्या दोन परीक्षांत जेमतेम पास झाली. अनुभवाच्या पहिल्या आठवड्यात सव्वीस जणांत अकरा वेळा तिची सुई चुकली. एका आजीबाईंनी तिला झाडून काढलं, "शिकायला माझाच हात सापडला का गं?" त्यावर तिने दुसऱ्या हाताची शीर शोधली आणि ती सापडली. सिस्टरनी पहिल्या महिन्यात चौदा तास कापले, ते तिने पुढे भरून दिले. रक्त काढणारा दादा जाता-येता खिजवायचा.

"मावशी, आता ट्रे कोण उचलणार?"

"आठपर्यंत तू. आठनंतर मी आहेच."

आणि खरंच, आठ वाजले की ती पांढरा कोट काढून खुंटीला लावी, निळा चढवी आणि स्वतः भरलेल्या ट्यूबा स्वतःच तळघरात घेऊन जाई. दुसऱ्या महिन्यात वर्गातल्या दोघी पहाटे यायला लागल्या. हजेरीच्या क्लार्कने कुरकुरत दुसरं रजिस्टर उघडलं. तास भरले तेव्हा मावशीने चारशे अठरा जणांचं रक्त काढलं होतं. एकतीस ट्यूबा परत आल्या होत्या, त्यातल्या पंचवीस पहिल्या महिन्यातल्या.

हॉस्पिटलने तिला घेतलं नाही. रक्त काढणाऱ्याची एक जागा निघाली होती, ती ठेकेदाराच्या भाच्याला मिळाली. ठेकेदाराने तिला बोलावून समजूत घातली. "ट्रेला माणूस मिळत नाही हो मावशी. तुम्ही इथेच बऱ्या. पाचशे वाढवून देतो." प्रमाणपत्र हातात घेऊन दोन महिने तिने ट्रेच उचलला. या काळात भाऊजी एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त टोचलं. तिसऱ्या महिन्यात दोन स्टॉप पलीकडच्या लॅबने तिला बोलावलं. मुलाखतीत विचारलं, अनुभव किती? तिने तास सांगितले नाहीत, माणसं सांगितली. मग त्यांनी लॅबच्या मालकाचाच दंड पुढे केला. एका टोचण्यात काम झालं. पगार चौदा हजार दोनशे. राजीनामा दिला तेव्हा ठेकेदार म्हणाला, "असं तडकाफडकी?" ती म्हणाली, "बारा वर्षं लागली."

भाऊजींना साखरेचा त्रास आहे. दर तीन महिन्यांनी त्यांना उपाशीपोटी रक्त द्यावं लागतं. घराजवळ दुसरी लॅब असताना ते बस करून मावशीच्या लॅबमध्ये येतात, साडेसहाला दार उघडायच्या आधी येऊन उभे राहतात. सुईची त्यांना भयंकर भीती वाटते, हे घरात आता फक्त तिला माहीत आहे. नोकरीला वर्ष झालं त्या आठवड्यात ते खुर्चीत बसले, शर्टाच्या खिशातून झिजलेला कागद काढला आणि डाव्या हातात धरला. उजवा तिच्या ताब्यात होता.

"एकोणपन्नास वसूल व्हायला किती राहिले?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने नऊ दिवस."

"माझ्या हिशेबाने दहा."

"मग दहा."

"आणि ही लॅब बंद पडली तर?"

"दुसरी शोधीन. रक्त सगळीकडे पहाटेच काढतात."

"हे पण गृहीतकच आहे."

"आहे," तिने दंडाला पट्टा आवळत म्हटलं. "मूठ आवळा."

भाऊजींनी मूठ आवळली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.